पहिला कोण बोलला?

वेन युएश्या यांना कॉलेजात सगळे समोर वेनबाई म्हणत आणि पाठीमागे काटेवाली. दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि तेच जास्त आवडायचं. पहिलं काय, खडू हातात घेतला की कुणालाही मिळतं. दुसरं कामावरून पडलेलं होतं.

काम म्हणजे एक प्रोग्रॅम. 'छोटा काटा' त्याचं नाव, तराजूचा असतो तसा. कॉलेज शेतकीचं, नानतौच्या डोंगरपायथ्याशी, आणि येणारी पोरं चहा, भात, लिची, डुकरं असल्या घरांतली. त्यांच्या प्रबंधांत चव असायची, वास असायचा, मऊ-कडक असायचं. चव काही वजनासारखी मोजता येत नाही. हा चहा त्या चहाच्या दुप्पट चांगला, असं शहाणा माणूस म्हणत नाही. पण त्याच्यापुढं सहा पेले ठेवले तर पहिला कुठला आणि शेवटचा कुठला हे तो बरोबर सांगतो. तेव्हा सरासऱ्यांचा नाद सोडायचा आणि नुसत्या क्रमांवर हिशेब करायचा. पुस्तकात याला अप्राचलीय पद्धती असं जड नाव आहे. वेनबाई वर्गात म्हणायच्या, "शर्यत कोण किती सेकंदांनी जिंकलं ते विसरा. कोण पुढं, कोण मागं, एवढंच लिहा. हे सुद्धा जमत नसेल तर घरी जाऊन डुकरं राखा, तिथंही माणसं लागतात."

हा हिशेब हातानं करताना पोरं चुकायची आणि रडकुंडीला यायची, म्हणून कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा तरुण वेनबाईंनी काटा लिहिला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. पुढं संगणक बदलत गेले, काटाही आतून बदलत गेला, पण हिरवी अक्षरं बाईंनी ठेवली. निवृत्त झाल्यावरही त्या दर बुधवारी बसनं यायच्या, तळमजल्यावरच्या संगणकांच्या खोलीत बसायच्या आणि कुणाचं काय अडलंय ते बघायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "कुणी धड विचारलं नाही," आणि समोरच्याला त्याच्या प्रबंधाचं विचारायच्या. तो पळायचा.

काट्याची एक खोड होती. परीक्षकांनी लावलेले क्रम त्यात भरले की तो त्यांची आपसातली जुळणी काढायचा. शून्य म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं, एक म्हणजे सगळ्यांचं तंतोतंत सारखं. जुळणी फारच चांगली निघाली की काटा थांबायचा आणि विचारायचा, "पहिला कोण बोलला?" त्यावर 'कुणी नाही' असं लिहिलं तर मुकाट पुढं जायचा. नाव लिहिलं तर म्हणायचा, "मग बाकीच्यांना वेगवेगळं बसवून पुन्हा चाखून घ्या." आणि तिथंच ठाण मांडायचा. काही केल्या उत्तर द्यायचा नाही.

बाईंनी हे उगाच केलेलं नव्हतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा नव्या तांदळाची चव घेण्याचा एक मोठा प्रयोग झाला होता. एक बडे साहेब टेबलाच्या डोक्याशी बसून आधी घास घेत, मान डोलवत, आणि त्यांच्या मानेबरोबर टेबलभरच्या माना डोलत. जुळणी अशी झकास निघाली की त्या तांदळाचं बियाणं गावोगाव वाटलं गेलं. लोकांनी एक पीक घेतलं आणि भात कोंबड्यांना घातला. आकडे बाईंनीच जोडले होते. आकड्यांत चूक नव्हती.

पोरांनी मात्र काट्यावर सोपा तोडगा काढला होता. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना पहिली गोष्ट हीच शिकवायची: काहीही विचारलं की 'कुणी नाही' लिहा. एकानं गमतीनं 'मांजर' लिहिलं तर काट्यानं तेही नाव धरून ठाण मांडलं. म्हणजे अडकायचे ते फक्त चेष्टेखोर आणि प्रामाणिक. चेष्टेखोर पुन्हा सुरू करून पुढं जात. प्रामाणिक जाऊन तक्रार करत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विभागप्रमुखानं बाईंना वर बोलावलं. विभागप्रमुख म्हणजे फान छिवेई, बाईंचाच विद्यार्थी.

"बसा ना, बाई."

"उभी बरी आहे. बोल, आवेई."

प्रमुख झाल्यापासून त्याला आवेई म्हणणारं कॉलेजात दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यानं दार ढकलून घेतलं. "सुट्टीत खालचे सगळे संगणक साफ करायचेत. नवीन सॉफ्टवेअर घालतोय. फुकट आहे, जगभर वापरतात. काटा मग... म्हणजे तक्रारी येतात बाई. हँग होतो."

"हँग होत नाही. थांबतो."

"पोरांना काय फरक पडतो?"

"तुझा प्रबंध कशावर केलास?"

"काट्यावर."

"थांबला होता?"

फान टेबलावरचे कागद नीट करायला लागला. "थांबला होता."

"काय लिहिलंस?"

"बाई, त्याला वीस वर्षं झाली."

"म्हणजे 'कुणी नाही' लिहिलंस."

फान हसला, पण विषय सोडला नाही. त्यानं ताजं प्रकरण पुढं ठेवलं. जान पेइरोंग नावाची मुलगी. मुलगी कसली, तिशी ओलांडलेली बाई. तैपेईतली नोकरी सोडून वरच्या गावात माहेरी परत आलेली, घरचा चहा विकत विकत एम.एस्सी. करणारी. तिनं एकाच मळ्याची पानं सहा तऱ्हांनी भाजून घेतली होती, कुठं विजेची भट्टी, कुठं लोंगनच्या फळझाडाच्या लाकडाचा कोळसा, आणि गावातल्या जाणत्यांकडून चाखून घेतली होती. पेल्यांवर नुसते आकडे, कुठला कुठला ते कुणाला माहीत नाही. जुळणी जवळजवळ एक. काट्यानं विचारलं, पहिला कोण बोलला. पोरीनं लिहिलं, 'आकोंग', म्हणजे आजोबा. काटा बसला तो बसलाच.

"तोच डेटा नव्यात घातला, बाई, एका क्षणात गेला. इतका सुंदर निकाल या विभागात मी बघितलेला नाही."

"म्हणूनच थांबला."

"पण आकोंग म्हणजे कोण? ह्वोवांग आकोंग! अख्ख्या जिल्ह्यात तसं नाक नाही. ते आधी बोलले, बाकीच्यांना पटलं, कारण ते बरोबर होते. जाणकाराचं ऐकणं हा दोष कसा? तुमचा काटा बरोबर उत्तरावर अडून बसतो." मग जरा मवाळ होऊन तो म्हणाला, "आकोंग चुकले असं दाखवा. काटा राहील. बैठकीत मी स्वतः सांगेन."

बाई "बरं" म्हणाल्या आणि खाली उतरल्या. त्यांना राग आला नव्हता. माणूस अट घालतो म्हणजे अजून ऐकण्यातला असतो, असा त्यांचा अनुभव होता. पण काटा गेला तर आपण बुधवारी बसनं कुठं जायचं, हा विचार जिन्यावर आला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

पेइरोंग त्यांना स्कूटरवर मागं बसवून वर घेऊन गेली.

"घट्ट धरा, बाई."

"तू पुढं बघ. मी तुझ्या जन्माआधीपासून स्कूटर चालवतेय. वळणावर ब्रेक दाबू नकोस, आधी दाब."

"तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"कशाला? काट्यानं विचारलं, तू खरं सांगितलंस. इतक्या वर्षांत असं करणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी."

"मला ते चूक असतं हेच माहीत नव्हतं हो," पेइरोंग वाऱ्यावर ओरडून म्हणाली. "आमच्याकडे आकोंगनी चमचा उचलल्याशिवाय कुणी उचलत नाही. मी पेल्यांवरची नावं झाकली, एकमेकांचे कागद झाकले, बोलायचं नाही म्हणून बजावलं. आकोंग बोललेच नाहीत. त्यांनी फक्त एक पेला बोटानं जरासा पुढं ढकलला."

"पुरतं तेवढं."

ह्वोवांग आकोंग पेइरोंगच्या आजोबांचे थोरले भाऊ. ऐंशीच्या पुढचे, ताठ, पांढरी बनियन, पायात निळ्या सपाता. ओट्यावर चहाची मांडामांड करून बसलेच होते. सून मळ्यात गेली होती. पेइरोंग पेले आणायला गावच्या देवळामागच्या खोलीकडे गेली आणि दोघं म्हातारी समोरासमोर उरली.

"वेन म्हणजे हक्का लोकांतल्या ना तुम्ही?" आकोंगनी सुरुवात केली. "तुम्ही लोक चहात शेंगदाणे कुटून घालता."

"घालतो. तीळ पण घालतो. पोट भरतं. तुमच्यासारखं नुसतं हुंगून उठत नाही."

आकोंग हसायला हवे होते. असल्या टोमण्यावर या डोंगरातला कुठलाही म्हातारा दोन टोमणे परत देतो. त्यांनी मान खाली घालून पाणी ओतलं. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं.

पहिला पेला झाला. दुसऱ्याला आकोंगनी उंच उभी वाटी बाईंच्या हातात दिली. "वास घ्या. कोळशावरचा आहे. मागं गोडवा येतो बघा, पिकलेल्या फळाचा."

बाईंनी वाटी नाकाशी नेली आणि त्यांना फळबिळ काही आलं नाही, वास आला तो स्वयंपाकघरातून. करपल्याचा. आधी जरासा, मग ओट्यावर बसवेना असा. आकोंग शांतपणे तिसरं पाणी ओतत होते आणि फळाबद्दल बोलत होते. धूर दारातून बाहेर डोकावला तेव्हासुद्धा त्यांची पाठ त्याच्याकडे होती.

बाई उठल्या, आत गेल्या, गॅस बंद केला. बांबूचे कोंब आणि डुकराचं मटण. पातेल्याच्या बुडाशी नुसतं डांबर झालेलं. त्यांनी पातेलं नळाखाली धरलं, खिडकी उघडली आणि बाहेर येऊन आपल्या जागी बसल्या.

आकोंगच्या हातातली किटली तशीच होती. "जळलं?"

"कोळसा झाला."

"सून म्हणेल, म्हातारा झोपला होता."

"म्हणू दे."

खालच्या वळणावर कुणाची तरी गाडी चढत होती. ती वर येऊन निघून गेली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"मागच्या थंडीत ताप आला होता त्याच्यापासून. ताप गेला, नाकही घेऊन गेला." त्यांनी किटली खाली ठेवली. "कडू-गोड जिभेला कळतं. बाकी सगळं गरम पाणी."

"आणि त्या दिवशी पेला कसा निवडलात?"

"रंग बघून. त्यातल्या एकाचा रंग माझ्या बापाच्या चहासारखा होता. तो ढकलला पुढं."

"आणि सगळ्यांनी तोच पहिला लिहिला."

"लिहिला. मी कुठं म्हटलं लिहा म्हणून?" म्हातारा चिडला. चिडल्यावर त्याला बरं वाटलं असावं, कारण तो मोकळा बोलायला लागला. "लोक अजून भट्टी कधी थांबवायची ते विचारायला येतात. मी टोपलीवर हात धरतो, हाताला उष्णता कळते, सांगतो. अजून कुणाचा माल बिघडला नाही फारसा. हे बाहेर पडलं की मग मी कोण? ओट्यावरची खुर्ची अडवणारा." त्यांनी बाईंकडे सरळ बघितलं. "तुम्ही कॉलेजात सांगणार?"

बाईंना अगदी हेच हवं होतं. याच्यासाठीच त्या ब्रेकवर ब्रेक दाबणाऱ्या पोरीच्या मागं बसून डोंगर चढून आल्या होत्या. आवेईनं अट घातली होती ती ओट्यावर, चहाच्या ताटाशेजारी, तयार होऊन बसली होती. खाली जाऊन एक वाक्य बोललं की काटा राहिला.

"पोरीला पुन्हा चाखून घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "एकेकाला वेगळं बसवून."

"म्हणजे मलाही."

"नाही. सगळ्यात वडीलधाऱ्यानं यजमान व्हायचं. पाणी ओतायचं, वेळ बघायची. यजमान चाखत नाही. काट्याचा नियमच आहे तसा."

"असा नियम आहे?"

"आजपासून आहे."

आकोंगनी वाटीतला गार झालेला चहा ओतून टाकला आणि नवीन ओतला. "शेंगदाणे घालू का?" त्यांनी विचारलं.

"घाला, असतील तर."

पुन्हा चाखणं झालं ते भूमिदेवाच्या देवळामागच्या खोलीत. एकेकानं आत जायचं, भिंतीकडे तोंड करून बसायचं, भुरके मारायचे आणि क्रम लिहून मागच्या दारानं निघायचं. गावानं भरपूर कुरकुर केली. एक म्हातारा म्हणाला, शाळा सोडली ती असल्याच छळापायी. दुसरा आत बराच वेळ बसला आणि बाहेर येऊन आकोंगकडे आशेनं बघायला लागला. आकोंग वाळूच्या घड्याळाकडे बघत होते. यजमानाचं काम त्यांनी इतक्या रुबाबात केलं की तोच मोठा मान आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि पुढच्या वेळी यजमान कोण यावरून दोघांची तिथंच जुंपली.

छुनमेई म्हणून एक आजी होत्या, तोंडात विड्याची सुपारी. बाईंनी ती थुंकून चूळ भरायला लावली म्हणून त्या रागातच आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या वेगळ्याच. "तो काळपट पाण्याचा चहा मी शेवटी टाकला," त्या पेइरोंगला म्हणाल्या. "कोळशाचाच असणार. कडूजहर. मला जन्मात आवडला नाही तो."

"मग आजी, मागच्या वेळी पहिला लिहिलात तो?"

"मागच्या वेळी मला कुणी विचारलं होतं? मागच्या वेळी आकोंगना विचारलं होतं."

पेइरोंगनं बुधवारी खालच्या खोलीत बसून नवे क्रम काट्यात भरले. बाई शेजारी बसल्या. जुळणी निघाली बेताची. आकोंगनी ढकललेला पेला मधल्या गर्दीत कुठंतरी होता, विजेच्या भट्टीवरचा हलका चहा केसभर पुढं, आणि तो केसभरही खात्रीचा नाही. काटा कुठं न थांबता शेवटपर्यंत गेला.

"थांबला नाही, बाई!"

"थांबायला काय झालंय त्याला?"

"पण यातून काय सिद्ध झालं? कुठला चांगला ते कळलंच नाही."

"गावात लोकांच्या आवडी वेगवेगळ्या आहेत हे कळलं. तसं लिही. त्याला हिंमत लागते, अक्कल फारशी लागत नाही."

बैठक सुट्टीच्या आदल्या आठवड्यात झाली. विभागाची सगळी माणसं लांब टेबलाभोवती, प्रत्येकापुढं जेवणाचा डबा, डब्यात कोंबडीची तंगडी आणि मुरवलेला मुळा. बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, पेइरोंगला तिचा डेटा म्हणून.

फाननं दोन्ही निकाल शेजारी शेजारी लावले. "पहिला असा स्वच्छ. आणि आकोंगना बाहेर ठेवल्यावर हा असा. पातळ."

"पातळ नाही. खरा," बाई म्हणाल्या.

"बाई, जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं नाक काढून टाकलं तर दुसरं काय होणार? राहिलेल्यांना कळत नाही, म्हणून जुळत नाही. आकोंग चुकले असं दाखवा, असं म्हटलं होतं मी. ते चुकले का?"

सगळे बाईंकडे बघायला लागले. पेइरोंगही. तिला काही माहीत नव्हतं. नात्यातल्या म्हाताऱ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि तिचा चेहरा अभिमानानं जरासा वर उचलला गेला होता. बाईंनी डब्यातला मुळ्याचा तुकडा उचलला, सावकाश चावला आणि गिळला.

"आकोंग यजमान होते. यजमान चाखत नाही."

"म्हणजे काही दाखवता आलं नाही."

"नाही."

फाननं कुणालाही दुखवायचं नाही अशा आवाजात सांगितलं की काट्यानं फार वर्षं सेवा केली, विभाग त्याचा ऋणी आहे, पण आता तो संगणकांवरून काढावा असं आपलं मत आहे. "तुमचं?" त्यानं उजवीकडच्याला विचारलं. उजवीकडचा म्हणाला, काढावा. त्याच्या पुढचीनं तोंडात घास होता म्हणून मान हलवली. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. टेबलाला पूर्ण फेरी झाली आणि एकही मत इकडचं तिकडं झालं नाही.

"पहिला कोण बोलला?" वेनबाईंनी विचारलं.

टेबलाच्या टोकाला कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. फानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यापुरता तो पुन्हा विद्यार्थी दिसला. पण निर्णय लिहिला गेला होता आणि तो फिरवायचा तर सगळ्यांना पुन्हा एकेक करून विचारावं लागलं असतं. डबे अर्धे राहिले होते, गार होत होते. निर्णय राहिला तसाच.

सुट्टीत संगणक साफ झाले. पेइरोंगला पदवी मिळाली, साध्या श्रेणीत. काटा तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवून घेतला. बाईंनी तिला तो दिला तेव्हा एवढंच सांगितलं की अक्षरांचा रंग बदलू नकोस.

बुधवारची बस बाईंनी सोडली नाही. आता त्या नव्या सॉफ्टवेअरसमोर पोरांच्या शेजारी बसतात. त्याच्याबद्दल त्यांची तक्रार नाही. हिशेब बरोबर करतं, चित्रंही छान काढतं. जुळणी फार चांगली आली की पोरं खूश होतात आणि बाई खुर्ची पुढं ओढून विचारतात, पहिला कोण बोलला. काट्याला 'कुणी नाही' लिहून फसवता यायचं. बाईंना फसवायला गेलं की त्या विचारतात, "टेबल लांब होतं की गोल? चहा कुणी ओतला? सगळ्यात म्हातारं कोण होतं?" पोरं आता चाखायला माणसांना वेगवेगळं बसवूनच येतात. त्यात शिकल्याचा भाग किती आणि बाईंना टाळण्याचा किती, हे कुणी मोजलेलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा पेइरोंग एक डबा घेऊन आली. आकोंगनी स्वतः भाजलेला, मुद्दाम वेनबाईंसाठी. तिनं तिथंच पाणी तापवलं, पहिला पेला बाईंना दिला आणि समोर उभी राहिली.

बाईंनी घोट घेतला. आग जरा जास्त लागली होती. शेवटी शेवटी, हात टोपलीवर धरूनही कळली नसावी इतकीच. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग पेला संपवला.

"कसा आहे, बाई?"

"इथल्या बाकीच्यांना दिलास?"

"नाही अजून."

"मग आधी त्यांना दे," वेनबाई म्हणाल्या आणि रिकामा पेला तिच्यापुढं केला. "आणि मला अजून ओत."